सरलाबाईचा अर्धा ताका

मास्तरीण घरी आली म्हणजे एक तर पोराने शाळेत काही फोडलेलं असतं, नाहीतर शाळेला काही पाहिजे असतं, हे सरलाबाईचं पक्कं मत. त्यामुळे पल्लवी मास्तरीण चपला काढून ओट्यावर टेकली तरी सरलाबाईचा हात थांबला नाही. मांडीवर साडी पसरलेली, साडीवर डिंकाचे ठिपके, आणि एकेका ठिपक्यावर बोटाने टिकली बसवायचं काम चाललेलं. डिंक वाळला की टिकली बसत नाही, मग समोर मास्तरीण असो की कलेक्टर.

"काय फोडलं?" तिने विचारलं.

"काही नाही फोडलं, आजी. मी तुम्हाला विचारायला आलेय."

"विचारा. ऐकायला कान मोकळेच आहेत, हात तेवढे गुंतलेत."

पल्लवी वाशिमकडची. बाप सुरतेला बांधकामावर आला आणि इथलाच झाला. ती रेल्वे फाटकापलीकडच्या मराठी शाळेत शिकवत होती आणि शिकवता शिकवता बी.एड. करत होती. तिथल्या लोकांनी तिला एक संशोधन नेमून दिलं होतं. मुलांनी शाळेचा गणवेश घालून यावं, यासाठी त्यांना उत्तेजन कसं द्यायचं.

सरलाबाईने ते दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे पोरांना चड्डी कशी घालायला लावायची, याचे तुम्हाला कॉलेजात मार्क मिळतात?"

"तसंच काहीसं."

"आमच्या टायमाला असं कॉलेज असतं तर मी पहिली आली असती. सहा पोरं वाढवली, एक पण नागडं नाही फिरलं."

पल्लवी हसली, पण तिच्या चेहऱ्यावरचा थकवा गेला नाही. यंदा नवीन हेडमास्तर आले आणि त्यांनी शाळेचा निळा रंग काढून मरून आणला. मुलींना मरून स्कर्ट, मुलांना मरून हाफपँट, वर पांढरा सदरा. सुरुवातीला बरीच मुलं मरूनमध्ये आली. मग हळूहळू एकेक जण पुन्हा जुन्या निळ्यात दिसू लागला. पल्लवीने ओरडून पाहिलं. मग संशोधनाच्या पुस्तकात होतं तसं गोड बोलून पाहिलं. जो आठवडाभर गणवेशात येईल त्याच्या खिशाला शनिवारी कागदाचं फूल लावायचं, असं ठरवलं. पहिल्या शनिवारी फुलं कमी पडली, दुसऱ्या शनिवारी उरली.

"कारणं विचारली तर एक म्हणतो वाळला नाही, एक म्हणतो उंदराने कुरतडला. एका मुलीने लिहून दिलं की मामाच्या गावी राहिला. तिला मामाच नाही."

"दोन कानाखाली द्या."

"हेडमास्तरांनी देऊन पाहिल्या, आजी."

"मग जोरात दिल्या नसतील."

"आणि सगळ्यात जास्त मुलं कुठली आहेत माहितीये?" पल्लवी जरा अवघडली. "तुमच्या गल्लीतली."

आता मात्र सरलाबाईचा हात थांबला. एका ठिपक्यावरचा डिंक वाळला तरी तिचं लक्ष गेलं नाही.

असं व्हायलाच नको होतं. बाकीच्या नवागाम वस्तीत कोणाच्या घरी काय शिवलं न शिवलं ते ती सांगू शकत नव्हती, पण या गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या अंगावरचं मरून कापड तिच्या हातून गेलं होतं. तिचा मुलगा वाल्मिक सचिन गावच्या कापड खात्यात, म्हणजे कारखान्यात, लूमवर होता. मागच्या दिवाळीला शेठने त्याला मिठाईच्या जोडीला मरून कापडाचा अर्धा ताका दिला. पार्टीने परत केलेला माल, पण कुठे डाग नाही की धागा तुटलेला नाही. ताका पेटीत पडून होता. जूनमध्ये शाळेने रंग बदलला, उधन्याच्या दुकानदाराने मरून कापडाचा भाव चढवला, गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन रडगाणं गाऊ लागल्या. तेव्हा सरलाबाईने पेटी उघडली आणि ताका भर ओट्यावर उलगडला.

"कापड विणणारी माणसं आपण," ती म्हणाली होती, "आणि कापडासाठी दुकानदाराच्या पाया पडायचं?"

दत्तू शिंप्याला बोलावून तिने सगळ्या गल्लीच्या पोरांची मापं घ्यायला लावली. दत्तूने कापड चिमटीत धरलं, चोळलं, आणि विचारलं, "मावशी, याचे स्कर्टच ना?" तिने त्याला सुनावलं, "नाही, पताका शिव." त्याने मान खाली घातली आणि कात्री चालवली. महिनाभर सरलाबाई गल्लीतून चालायची ती मोठ्या देवळाच्या विश्वस्तासारखी.

आणि आज ही मास्तरीण म्हणते की पोरं ते घालत नाहीत.

"आमची सोनाली?" सरलाबाईने विचारलं.

पल्लवी आपल्या चपलांकडे बघू लागली.

"मी विचारतेय आमच्या सोनालीचं."

"सोनाली तर कधीपासून निळ्या स्कर्टातच येते, आजी. आज पण निळाच होता."

सरलाबाईने मास्तरणीकडे निरखून पाहिलं. आज सकाळी सोनालीची वेणी तिने स्वतः घातली होती. स्कर्ट मरून होता. स्कर्टची चुणी तिने स्वतः झटकली होती. मग मांडीवरच्या साडीचा पदर पुढे करून ती म्हणाली, "हा रंग कोणता?"

"मोरपंखी."

"आणि हा काठ?"

"राणी कलर. का हो, आजी?"

"काही नाही," सरलाबाई म्हणाली. मास्तरणीचे डोळे ठीक होते. मग काय बिघडलं होतं ते तिला कळेना.

जाताना पल्लवीने खरी गोष्ट सांगितली. हेडमास्तरांनी सोमवारपासून नियम केला होता, मरून नसेल त्याला वर्गात बसू द्यायचं नाही. "सोनाली हुशार आहे, आजी. तिचं नाव कापलं जायला नको. मुलांना घालावंसं का वाटत नाही, तेवढं तुम्ही शोधा. तुमचं सगळे ऐकतात."

"ऐकतात," सरलाबाई म्हणाली. त्याबद्दल तिला शंका नव्हती.

सोनाली शाळेतून आली ती मरून स्कर्टात. सरलाबाईने तिला दारातच उभं केलं, गोल फिरवलं. कापड मरून, शिलाई दत्तूची.

"शाळेत काय घातलं होतं?"

"हाच."

"मास्तरीण येऊन गेली."

सोनालीने दप्तर खाली ठेवलं. सहावीतली पोर, तोंडाने आजीवर गेलेली, पण त्या घडीला तिच्या तोंडाला कुलूप होतं. आत चुलीपाशी तिची आई कुसुम पोळी लाटत होती, तिचं लाटणं थांबलं.

"बोल की. कापड टोचतं? घट्ट होतं? कोणी काय बोललं?"

"मोठी माय, मला शाळेत जायचंच नाही."

"काय?"

"मी तुझ्याबरोबर टिकल्या लावते. उज्ज्वला नाही का, पाचवीतून बसली घरी. रोज दोन साड्या करते."

सरलाबाई पायरीवर बसली. तिची स्वतःची पाटी दुसरीतच धाकट्या भावाकडे गेली होती. त्या पाटीचं तिने कोणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण बसच्या पाट्या ती अजून अक्षर अक्षर जोडून वाचायची आणि तिचं वाचून होईपर्यंत बस निघून जायची. या घरात कोणी दहावी झालं नव्हतं. वाल्मिक लूमवर गेला, मुली लग्न होऊन गेल्या. सोनाली दहावी होणार, हे सरलाबाईने ठरवून टाकलेलं होतं, जसं तिने गल्लीतल्या नळाची रांग ठरवली होती.

"राहू द्या ना, आत्याबाई," आतून कुसुम हळूच म्हणाली. "तिची मर्जी नसेल तर..."

"तू पोळी बघ. जळतेय."

पोळी जळत नव्हती. पण कुसुम पोळीकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी सरलाबाईने स्वतःचं संशोधन सुरू केलं. तिला कागद लागत नव्हता. ती शेजारच्या प्रमिलाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तुझा भूपेंद्र मरून चड्डी का घालत नाही?"

"घालतो ना, मावशी. कापड तर काय सुरेख आहे. असं मऊ, सुळसुळीत. दुकानात पण मिळणार नाही."

"मग शाळेत निळा का जातो?"

"अग बाई, निळा जातो?" प्रमिलाबाईने पदर तोंडाला लावला. "मला तर माहीतच नाही. इथून तर मरून घालून जातो."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. कापड सुरेख, कापड मऊ, तुमचे उपकार, मावशी. जितक्या घरी ती गेली तितकी कापडाची स्तुती वाढत गेली आणि तितका तिचा गोंधळ वाढत गेला. इतकं चांगलं कापड, इतक्या खूश बाया, आणि एकही पोर ते अंगावर ठेवायला तयार नाही. कोणी करणी केली म्हणावी, तर करणी करणाऱ्याला पोरांच्या चड्ड्यांशी काय करायचं होतं?

दत्तू शिंप्याला गाठलं तर तो मशीनवरून मान वर करेना. "तुम्ही सांगितलं तसं शिवलं, मावशी. माझा हात वाईट असेल तर सांगा."

"हात चांगला आहे. तोंडाला काय झालंय तुझ्या?"

दत्तूने पायडल मारलं. मशीन खडखडू लागलं आणि बोलणं संपलं.

संध्याकाळी तिने नवऱ्याला धरलं. लोटू म्हातारा दारात बसून विडी ओढत होता. तो तिला कधी नावाने हाक मारत नसे आणि तीही त्याला मारत नसे, "ऐकलं का" एवढ्यावर दोघांचं आयुष्य निघालं होतं.

"ऐकलं का, पोरं कापड का घालत नाहीत?"

"पोरांना विचार."

"विचारलं. बोलत नाहीत."

"तू विचारतेस कुठे?" लोटू म्हणाला. "तू तर आधी सांगतेस, मग विचारतेस."

"तुम्हाला काही माहीत असेल तर सरळ बोला."

पण लोटूची विडी विझली होती आणि तो काडेपेटी शोधायला आत गेला. परत आला नाही.

शुक्रवारी सकाळी तिने एक युक्ती केली. सोनालीची वेणी घातली, स्कर्टची चुणी झटकली, तिला वाटेला लावलं, आणि मग डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन, गिरणीला निघाल्यासारखी, तिच्या मागे निघाली. गल्लीतली पोरं पुढे घोळक्याने चालली होती. सगळी मरून. सरलाबाईला वाटलं, मास्तरणीचे डोळे खरंच गेले असावेत.

कोपऱ्यावर हिलालची पिठाची गिरणी. गिरणीच्या मागे पोत्यांचा आडोसा होता. घोळका तिथे पोचला आणि शिस्तीत दोन रांगा झाल्या, मुली एकीकडे, मुलगे एकीकडे, जणू शाळेची प्रार्थनाच. हिलाल पांढऱ्या भुवया घेऊन दारात उभा राहून पहारा देत होता. एकेक मुलगी आडोशाला जायची, दप्तरातून निळा स्कर्ट काढायची, मरून घडी करून पिशवीत कोंबायची आणि निळी होऊन बाहेर यायची.

सरलाबाई डबा घेऊन समोर उभी राहिली तेव्हा हिलालची तारांबळ उडाली.

"या मावशी, या. गहू का?"

"गहू नंतर. पहारेकऱ्याचा पगार कोण देतं तुला?"

"मावशी, पोरं रडत होती. मी काय करू? मला वाटलं चार दिवस बदलतील, मग बंद होईल."

सोनाली आडोशातून बाहेर आली. अंगावर निळा स्कर्ट, हातात मरूनचा बोळा. आजी दिसली तशी जागच्या जागी थिजली. तेवढ्यात रस्त्याने मागच्या गल्लीची पोरं चालली होती. शाळेला, मरूनमध्येच, पण दुकानातल्या मरूनमध्ये. त्यांतल्या एकाने सोनालीच्या हातातला बोळा पाहिला आणि गुजरातीत आरोळी दिली, "चणियावाळा आव्या! नाडी बांधजो!"

आणि सगळी हसली.

सुरतेत इतकी वर्षं काढून सरलाबाईला गुजराती येत होती. चणियो म्हणजे परकर. पण परकरवाले कोण आले आणि नाडी कोणी बांधायची, हे तिला उमगेना. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"काय म्हणाला तो? कोणाला म्हणाला?"

सोनालीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं, पण आता कुलूप निघालं. "आम्हाला म्हणाला. मोठी माय, हे परकराचं कापड आहे."

"कोणतं?"

"हे. आपलं. तू दिलेलं. मागच्या गल्लीत घरोघरी परकर शिवतात ना मार्केटचे, ते याच कापडाचे. हाच रंग. ती पोरं रोज रात्री परकरात नाड्या ओवतात. आम्ही पहिल्या दिवशी वर्गात गेलो आणि बाकावर बसायच्या आधीच त्यांनी ओळखलं. माझ्या डब्यात नाडी टाकून ठेवली होती. भूपेंद्रच्या चड्डीला मागून नाडी बांधली. त्याला तर ते..." ती थांबली. "मी नाही जाणार शाळेत. हा घातला तर ते हसतात, निळा घातला तर हेडमास्तर काढून टाकणार. मग टिकल्याच बऱ्या."

सरलाबाईने बोळा हातात घेतला. बोटांनी चोळला, उन्हात धरला. कापडासारखं कापड. मऊ, धड, गच्च विणलेलं. तिच्या अंगावर नऊवारी लुगडं होतं, तिच्या आईच्या अंगावर होतं, तिच्या सासूच्या अंगावर होतं. लुगड्याच्या आत परकर नसतो. साठीला टेकलेली ही बाई, सुरतेत राहून, कपड्यांच्या ढिगात बसून, आयुष्यात एकदाही परकर नेसली नव्हती. परकर तिने दोरीवर पाहिले होते, दुसऱ्यांचे, वाळत घातलेले. त्यांना हात लावायची तिला कधी गरज पडली नव्हती.

"परकर," ती एवढंच म्हणाली. आणि गव्हाचा डबा हिलालच्या दारात तसाच ठेवून घरी आली.

घरी येऊन तिने कुसुमला तिचा परकर काढायला लावला. मरूनच होता. दोन्ही कापडं खाटेवर शेजारी शेजारी ठेवली. एक दुसऱ्याची बहीण.

"तुला माहीत होतं?"

कुसुमने खाली पाहिलं. "हो, आत्याबाई."

"कधीपासून?"

"तुम्ही ताका उलगडला तेव्हापासून."

"मग तोंड नव्हतं?"

"मी बोलले असते," कुसुम हळू आवाजात म्हणाली, "तर तुम्ही म्हणाला असता, तुझ्या माहेरी कापड पाहिलं होतंस का."

सरलाबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. तोंडात अगदी तेच वाक्य तयार होतं. तिने तोंड मिटलं.

"वाल्मिकला?"

"त्यांनी सांगितलं होतं की, आतलं कापड आहे. तुम्ही म्हणालात, आतलं काय नि बाहेरचं काय, कापड म्हणजे कापड."

"आणि यांना?" तिने दाराकडे मान केली.

दारातून लोटू म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत आहे. मला वाटलं, माहीत असून वाटतेस."

म्हणजे दत्तूला माहीत होतं, प्रमिलाबाईला माहीत होतं, हिलालला माहीत होतं, तिच्या पोटच्या पोराला माहीत होतं. सगळ्या गल्लीने तिच्या तोंडावर कापडाची स्तुती केली आणि पाठीमागे पोरांना निळे स्कर्ट दप्तरात भरून दिले. दुकानातलं मरून कोणी आणलं नाही, का तर ते दोरीवर वाळताना तिला दिसलं असतं. निळा दिसला तर जुना म्हणून ती विचारणार नव्हती. ती खाटेवर बसून राहिली. राग यायला पाहिजे होता, पण कोणावर यायचा हे ठरेना. भीतीने गप्प बसले म्हणावं तर तिने कोणाला कधी मारलं नव्हतं. लाजेने म्हणावं तर लाज वाटण्यासारखं कापडात काय होतं? सगळ्या बाया तेच कापड नेसून बाजारात जातात, देवाला जातात. वरून साडी असली तर लाज नाही, वरून साडी नसली तर लाज. आणि ती लाज वाटायला परकर नेसलेलं पाहिजे. ज्याने नेसलं नाही त्याला कळणारच नाही. ही कसली लाज म्हणावी?

शनिवारी दुपारी पल्लवी आली. तिच्या पिशवीत उरलेली कागदी फुलं होती.

"सापडलं का काही, आजी?"

सरलाबाईने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलंही नाही. पल्लवीचा चेहरा आधी हसण्यासारखा झाला, मग नाही.

"माझ्या डोळ्यांसमोर होतं," ती म्हणाली. "मी नुसता रंग बघत होते. मी त्या मागच्या गल्लीच्या मुलांना चांगली तंबी देते. पुन्हा कोणी हसलं तर..."

"तंबी दिलीत तर वर्गात हसायचे ते रस्त्यात हसतील."

"मग मुलांना समजावू? की कापड कुठलंही असो, स्वच्छ असलं म्हणजे झालं?"

"मला समजवा आधी," सरलाबाई म्हणाली. "मी घरी बसून दोन दिवस तेच कापड चोळतेय. माझ्या बोटांना त्यात खोट लागत नाही. पोरीच्या बोटांना लागते."

पल्लवीने पिशवीतली कागदी फुलं चाचपली. "मग मी संशोधनात काय लिहू?"

"लिहा की, एका म्हातारीला विचारलं." सरलाबाई थांबली. तिच्या तोंडून पुढचे शब्द निघाले ते घरच्या बोलीत, आईच्या बोलीत, कारण दुसऱ्या भाषेत ते तिने कधी वापरलेच नव्हते. "माले समजनं नही."

पल्लवीला अहिराणी येत नव्हती, तरी ते तिला कळलं. तिने ते लिहिलं की नाही, कोणास ठाऊक.

ती गेली तशी सरलाबाई सोनालीला घेऊन उधन्याच्या दुकानात गेली. दुकानदाराने मरून कापडाची थप्पी पुढे टाकली. सरलाबाई बोलायला गेली, हे बघ, ते बघ, आणि मग मागे सरकली.

"तू बघ," ती नातीला म्हणाली.

सोनालीने एकेक थान चिमटीत धरलं. चौथ्यावर थांबली. "हे."

"हेच का?"

"हे उभं राहतं, मोठी माय. आपलं अंगाला चिकटतं."

सरलाबाईने हात लावून पाहिला. तिला ते जाडंभरडं लागलं, गोणपाटाच्या जवळचं. वाल्मिकने असलं विणलं असतं तर तिने त्याला जेवू घातलं नसतं. पण ती काही बोलली नाही. दुकानदार चकित झाला, कारण तो तिला ओळखून होता. सगळ्या गल्लीच्या पोरांना पुरेल एवढं कापड तिने बांधून घेतलं.

रविवारी सकाळी नळाला पाणी आलं, सगळ्या बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. तेव्हा सरलाबाई ओट्यावर उभी राहिली. तिला आवाज चढवायची गरज नव्हती, तो होताच.

"ज्याच्या ज्याच्या घरी माझं मरून कापड गेलंय, त्याने आज ते परत आणून द्यायचं. स्कर्ट, चड्ड्या, सगळं. धुतलेलं असो नसो."

रांगेत कोणी हललं नाही. हंड्यात पाणी पडत राहिलं.

"का हो, मावशी?" शेवटी प्रमिलाबाईने विचारलं.

"मला परकर शिवायचेत."

कोणी कोणाकडे पाहिना. सगळ्यांना कळलं की तिला कळलंय. प्रमिलाबाईचा हंडा भरून वाहू लागला तरी तिने तो उचलला नाही. मग ती अगदी जपून म्हणाली, "पण मावशी, तुम्ही तर लुगडं नेसता."

"मग? तुला काय वाटतं, माझ्या अंगावर परकर शोभणार नाही?"

रांगेच्या शेवटी एक सासुरवाशीण फिसकन हसली आणि लगेच दचकली. सरलाबाईने तिच्याकडे पाहिलं. गल्लीतल्या जुन्या बायांना तो कटाक्ष माहीत होता, त्या श्वास धरून उभ्या राहिल्या.

"हस," सरलाबाई म्हणाली. "दोन महिने पोटात धरून ठेवलंय सगळ्यांनी, पोट फुटेल. हसून घ्या एकदाचं, म्हणजे माझ्याही कानाला बरं."

मग हसल्या. आधी एक, मग सगळी रांग, नळाचं पाणी वाहून गेलं तरी. प्रमिलाबाई हंड्यावर डोकं टेकून हसली. सरलाबाई हसली नाही. ती उभी राहून सगळ्यांकडे बघत राहिली, एखाद्या परक्या गावात उतरलेल्या माणसासारखी. ऐकताना आपल्याला लागतंय की बरं वाटतंय, याचा तिला अंदाज येत नव्हता.

दुपारपर्यंत तिच्या ओट्यावर मरूनचा ढीग लागला. दत्तू शिंपी न बोलावता आला आणि नवीन कापडासाठी पोरांची मापं घेऊ लागला. संध्याकाळपर्यंत त्याच्या मशीनचा आवाज थांबला नाही. सोनालीचा स्कर्ट सगळ्यात आधी झाला. तिने तो घालून पाहिला, आरशासमोर नाही, अंगणात, चालून.

सोमवारी सरलाबाईने वेणी घातली आणि चुणी झटकायला हात पुढे केला, पण या स्कर्टाला झटकायला काही नव्हतं, तो आपोआप उभा होता. सोनाली निघाली. सरलाबाई तिच्या मागे कोपऱ्यापर्यंत आली, या वेळी डबा नव्हता, बहाणा नव्हता.

मागच्या गल्लीची पोरं समोरून आली. त्यांतल्या एकाने सोनालीच्या स्कर्टाकडे पाहिलं, खालून वर, एका नजरेत. मग त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं, कोणाच्या तरी सायकलीकडे. सोनाली हिलालच्या गिरणीपाशी आली. तिची चाल क्षणभर हळू झाली, सवयीने, आणि पुन्हा सरळ झाली. ती फाटकाच्या दिशेने गेली, मरून घोळक्यात मिसळली.

सरलाबाई डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. इतक्या लांबून कोणती पोर आपली आणि कोणती मागच्या गल्लीतली, तिला ओळखू येईना.